कोलंबस, ओहायोमध्ये परवडणारं भाड्याचं घर कसं शोधायचं

कोलंबसला जॉब लागला की आपली मंडळी आधी उत्तरेकडच्या पोलॅरिस भागातले अपार्टमेंट कॉम्प्लेक्स बघतात. तिथे चेस बँकेचं भलंमोठं ऑफिस, देसी दुकानं जवळ, पूल आहे जिम आहे, फोटो चकाचक, आणि मग पहिल्या महिन्याचं बिल हातात पडलं की डोळे पांढरे. जाहिरातीतलं भाडं म्हणजे नुसता हप्ता, त्यावर गॅस वीज पाणी ट्रॅश पार्किंग आणि गाडीचं पेट्रोल धरलं की मग खरा आकडा कळतो, म्हणून घरं बघायला निघायच्या आधी हा सगळा हिशोब एका कागदावर मांडा.

बहुतेक घरमालक भाड्याच्या तिप्पट इन्कम मागतात, म्हणजे १५०० डॉलरच्या घराला महिना ४५०० डॉलर ग्रॉस, टॅक्स कापायच्या आधीचे. नुकतेच इंडियातून आला असाल तर क्रेडिट स्कोअर (कर्ज आणि बिलं वेळेवर फेडता का याचा आकडा) नसतोच, मग ऑफर लेटर आणि बँक स्टेटमेंट तयार ठेवा आणि मोठ्या मॅनेजमेंट कंपनीपेक्षा एकदोन घरं असलेला छोटा मालक गाठा. तो समोर बसून बोलतो, कंपनीचं सॉफ्टवेअर नुसतं रिजेक्ट म्हणतं. अप्लिकेशन फी दर माणशी लागते आणि परत मिळत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या की "आमच्याकडे क्रेडिट हिस्टरी नाही, चालेल ना?", चालणार नसेल तर पैसे कशाला घालवायचे.

आता एरिया. मुलं असतील तर सगळे डब्लिन डब्लिन (कोलंबसला लागून असलेलं गाव) करतात, स्कूल चांगल्या म्हणून, आणि भाडंही तसंच असतं. पण इथली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. १९८६ च्या एका करारामुळे कोलंबस सिटीचे बरेच भाग कोलंबसच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (पत्त्यावरून सरकारी शाळा ठरवणारा विभाग) नाहीत, शेजारच्या गावांच्या डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. म्हणजे पत्ता कोलंबसचा आणि शाळा डब्लिनची, हिलियर्डची किंवा वर्दिंग्टनची, असं चक्क होतं. नॉर्थवेस्ट साइडला अशी घरं शोधा, थोडी जुनी असतात, किचन तीस वर्षांपूर्वीचं असेल, पण स्कूल तीच. फक्त लिस्टिंगवर लिहिलेल्या शाळेवर विश्वास ठेवू नका, पत्ता काउंटी ऑडिटरच्या (घर-जमिनीच्या नोंदी ठेवणारं सरकारी ऑफिस) साइटवर टाकून डिस्ट्रिक्ट बघा आणि मग शाळेत फोन करून परत खात्री करा.

मुलं नसतील तर मजाच आहे. क्लिंटनव्हिल, ग्रोव्ह सिटी, रेनॉल्ड्सबर्ग, गहाना, सगळीकडे बघा. आणि इथे "हाफ डबल" असा शब्द ऐकाल, म्हणजे एक घर मधे भिंत घालून दोन कुटुंबांना दिलेलं, प्रत्येकाला स्वतःचा दरवाजा, बेसमेंट, बहुतेक वेळा पोर्चसुद्धा. अपार्टमेंटच्या भाड्यात घराचा फील हवा असेल तर माझं मत सरळ हाफ डबलच. यातले बरेच मोठ्या साइट्सवर येतच नाहीत, नुसता अंगणात बोर्ड लावलेला असतो, तेव्हा रविवारी दुपारी आवडलेल्या गल्ल्यांमधून गाडी फिरवा. मराठी मंडळाच्या वॉट्सॅप ग्रुपवर पण टाकून ठेवा, घर सोडणाऱ्याकडून आधी कळतं.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या आसपासची घरं मात्र वेगळ्या कॅलेंडरवर चालतात, लीज ऑगस्टला सुरू होतं आणि चांगली घरं त्याच्या कित्येक महिने आधीच बुक. बाकी शहरात उन्हाळ्यात झुंबड आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी शुकशुकाट. थंडीत रिकामं घर मालकाला जड जातं, तेव्हा भाडं कमी करा म्हणण्यापेक्षा "अठरा महिन्यांचं लीज घेतो, म्हणजे घर तुमच्याकडे उन्हाळ्यातच परत येईल" असं म्हणून बघा. हे त्यांना लगेच पटतं.

फसवणूक खूप चालते. खऱ्या लिस्टिंगचे फोटो उचलून निम्म्या भाड्यात टाकतात, मालक कुठेतरी परदेशात असतो आणि डिपॉझिट पाठवा चावी कुरियरने येईल म्हणतो. फ्रँकलिन काउंटी ऑडिटरच्या साइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव, घर कधी बांधलं, शेवटचं कधी विकलं, सगळं फुकट दिसतं. (पॉवेल आणि पोलॅरिसचा बराच भाग डेलावेअर काउंटीत येतो, त्यांची साइट वेगळी.) ते नाव आणि लीजवरचं नाव जुळत नसेल तर का ते विचारा. म्युनिसिपल कोर्टाच्या क्लर्कच्या साइटवर त्याच नावाने शोधलं तर मालक भाडेकरूंना किती कोर्टात खेचतो तेही कळतं.

घर बघायला गेलात की किचनच्या आधी बेसमेंटमध्ये उतरा. वास घ्या. कुबट वास येत असेल, भिंतीवर खालून वर पांढरी रेष चढलेली असेल, तर जोराचा पाऊस झाला की पाणी येत असणार. मग फर्नेसकडे (घर गरम ठेवणारं मशीन, बहुतेक गॅसवर चालतं) जा, अंगावर स्टिकर असतो, त्यावर शेवटच्या सर्व्हिसची तारीख असते, फिल्टर ओढून बघा, काळा कुट्ट असेल तर मालक घराकडे किती बघतो ते कळलं. खिडक्या जुन्या सिंगल काचेच्या असतील तर जानेवारीत गॅसचं बिल फाडून खातं, म्हणून मागच्या वर्षभराची बिलं मागा. कोलंबिया गॅस या इथल्या गॅस कंपनीचा बजेट प्लॅन असतो, त्यात वर्षाचं बिल बारा महिन्यांत वाटून देतात, तो घ्या. १९७८ च्या आधीच्या घराला लेड पेंटबद्दलची (शिसं असलेला जुना रंग) माहिती मालकाने लेखी द्यायलाच लागते, लहान मूल असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका.

कॉम्प्लेक्समध्ये जात असाल तर एकच प्रश्न, वीज थेट एईपी या वीज कंपनीकडून आहे की मधल्या कंपनीकडून? इथे बऱ्याच ठिकाणी मधली कंपनी वीज-पाणी घेऊन भाडेकरूंना विकते, वर स्वतःच्या फी लावते, आणि तुम्हाला दुसरा सप्लायर निवडता येत नाही.

लीज वाचताना बर्फ कोण काढणार, गवत कोण कापणार, आणि सोडायची नोटीस किती दिवस आधी द्यायची हे बघा. साठ दिवस असेल आणि तुम्ही तीस दिवस आधी दिलीत तर महिन्याचं भाडं गेलं. डिपॉझिटवर ओहायोत मर्यादा नाही, त्यामुळे क्रेडिट नसलेल्यांकडून दोन महिन्यांचं मागतात. पण एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त जी रक्कम असेल त्यावर सहा महिने किंवा जास्त राहिलात तर वर्षाला ५ टक्के व्याज मिळतं. १५०० भाडं आणि ३००० डिपॉझिट असेल तर वर्षाचे ७५ डॉलर, मालक आपणहून सांगणार नाही.

आत शिरायच्या दिवशी सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कार्पेटचे डाग, ओव्हनच्या आतलं, सगळं, आणि मालकाला ईमेल करून टाका. सोडताना नवीन पत्ता लेखी द्या, तोंडी नाही. मग ३० दिवसांत डिपॉझिट किंवा काय कापलं त्याची यादी त्याला पाठवावीच लागते, आणि उगाच अडकवून ठेवलं तर स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) अडकवलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते.