ग्रामसभेत बोलता, पण काम होत नाही? या चुका टाळा

ग्रामसभेला माणसं येतात, तावातावाने बोलतात, एखाद्या वेळी सरपंचाला धारेवर धरतात आणि घरी जातात. सहा महिन्यांनी तोच रस्ता, तेच तुंबलेलं गटार. दोष बहुतेक वेळा गावच्या राजकारणावर ढकलला जातो आणि काही गावांत तो खराही असतो. पण बऱ्याचदा मागणी चुकीच्या महिन्यात, चुकीच्या सभेत किंवा चुकीच्या शब्दांत केलेली असते. असा विषय मारायला विरोधकाचीही गरज पडत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या दिवशी किंवा त्याच्या आसपास होतात. दर महिन्याला होणारी मासिक सभा वेगळी. तिथे निवडून आलेले सदस्य ठराव करतात, तुमचं मत धरलं जात नाही. तरी अनेक जण मासिक सभेच्या दिवशी कार्यालयात जाऊन ओरडून येतात आणि ‘ग्रामसभेत सांगितलंय’ असं समजतात.

विषय सभेत उभं राहून पहिल्यांदा काढणं

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तिच्यावर विषयपत्रिका असते आणि शेवटी ठरलेली ओळ असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सभेत उभं राहून काढलेला विषय या शेवटच्या ओळीत जातो. तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात आणि परवानगी द्यायची की नाही हे अध्यक्षांच्या हातात राहतं.

म्हणून नोटीस निघण्याआधीच, म्हणजे सभेच्या साधारण पंधरा दिवस आधी, लेखी अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत करा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ असं उत्तर आलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. ग्रुपवर सरपंचांनी अंगठा दाखवला म्हणून विषय अजेंड्यावर येत नाही.

कोरमकडे दुर्लक्ष

कोरम म्हणजे गणपूर्ती, सभा चालवायला लागणारी किमान हजेरी. तिचा नियम सोपा आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. 500 मतदारांच्या गावात 75 पुरतात. 2,000 मतदारांच्या गावात मात्र 15 टक्क्यांप्रमाणे 300 लागत नाहीत, 100 पुरतात.

खरी गोम पुढे आहे. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. तिथे नवे विषय घेता येत नाहीत, पण आधीच्या नोटिशीवरचे सगळे विषय दहा-बारा माणसांत मंजूर होऊ शकतात. ‘सभा झालीच नाही’ म्हणून निवांत बसलेल्या लोकांना घरकुलाची यादी कायम झाल्याचं महिन्याभराने कळतं. सभा तहकूब झाली की तिथेच विचारा की पुढची तारीख, वेळ आणि जागा काय, आणि ती इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहून घ्यायला लावा. आपला विषय मूळ नोटिशीवर नसेल तर तहकूब सभेत तो काढण्यात अर्थ नाही, पुढच्या सभेसाठी नव्याने अर्ज द्या. नको असलेला विषय नोटिशीवर असेल तर मात्र पहिल्या सभेपेक्षा या दुसऱ्या सभेला जाणं जास्त गरजेचं.

वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यासाठी हा हिशोब चालत नाही. वनहक्क नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला लागतात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत शंभर सह्यांवर केलेला ठराव पुढे अडतो तो इथेच. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घोषित आदिवासी भागात, तिथल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याचे नियमही वेगळे आहेत, पाडा किंवा वस्तीचीही स्वतःची ग्रामसभा असू शकते. तिथे महसुली गावाची सभा पुरेशी धरू नका.

मतदार यादीत नाव आहे असं गृहीत धरणं

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. घर गावात, शेत गावात, पण नाव पिंपरी-चिंचवडच्या यादीत, अशी स्थिती असेल तर सभेत बसता येईल, पण कोरममध्ये मोजणी नाही आणि मताला किंमत नाही. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक 6 आणि पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक 8 भरावा लागतो. शहरातलं नाव तसंच ठेवून गावात नव्याने 6 भरणं ही सर्रास होणारी चूक. दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे.

निवडणुकीच्या तोंडावर आणखी एक गैरसमज दिसतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागनिहाय फोडून केली जाते. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव, लेखनिकाच्या चुका अशा गोष्टींसाठी. नवीन नाव त्या टप्प्यावर घातलं जात नाही, ते आधीच विधानसभेच्या यादीत असावं लागतं.

ठराव मोघम ठेवणं

‘वॉर्ड दोनमधील रस्त्याबाबत चर्चा झाली, योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले.’ हा ठराव नाही. यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही आणि कोणालाही जबाबदार धरता येत नाही. ठरावात कुठून कुठपर्यंत, अंदाजे लांबी-रुंदी, कामाचा प्रकार, कोणत्या निधीतून आणि कोणत्या वर्षाच्या आराखड्यात हे सगळं हवं. उदाहरणार्थ: ‘वॉर्ड क्र. 2 मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, लांबी अंदाजे 180 मीटर, रुंदी 3 मीटर, सिमेंट काँक्रीट रस्ता करणे, पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करणे.’ सूचक आणि अनुमोदक यांची नावं सभेतच ठरवा. आयत्या वेळी कोणी हात वर करत नाही, म्हणून अनुमोदकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा.

प्रोसिडिंग, म्हणजेच इतिवृत्त, बहुतेक गावांत सभेनंतर लिहिलं जातं. ग्रामपंचायत अधिकारी (2024 पर्यंतचे ग्रामसेवक) टिपणं घेतात आणि मग रजिस्टरमध्ये उतरवतात. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही, पण शब्द बदलतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या, सभेत वाचा आणि तोच कागद द्या. दुसरा, पुढच्या सभेत पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. तो चहा येईपर्यंतचा वेळ समजून लोक उशिरा येतात. ठरावात फेरफार झाला असेल तर दुरुस्ती मागायची जागा तीच. एकदा इतिवृत्त कायम झालं की मागचं भांडण फार अवघड होतं.

हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वर सभेची तारीख आणि प्रकार लिहिलेला आहे का ते पाहा. कोऱ्या पानावर, घरी आलेल्या शिपायासमोर सही करू नका. ती सही कोणत्या सभेची ठरेल हे तुमच्या हातात राहत नाही.

दर ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती कागदावर उरकली जाते आणि पाणी, शौचालय, दारू, अंगणवाडी हे विषय मोठ्या सभेत पुरुषांच्या आवाजाखाली दबतात. बचत गटांनी हे विषय महिला सभेत ठरावासह मांडून त्याची नक्कल मागावी. मोठ्या सभेत मग नुसतं बोलावं लागत नाही, ठराव क्रमांक सांगता येतो.

वर्षाचं वेळापत्रक न पाहणं

गावाचा वार्षिक विकास आराखडा तयार करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. मे महिन्यात मागितलेला रस्ता चालू वर्षाच्या आराखड्यात नसतोच, मग ‘निधी नाही’ हे उत्तर खोटंही नसतं. ऑगस्टच्या सभेत मागणी नोंदवा, ऑक्टोबरच्या सभेत ती आराखड्यात आली का ते बघा. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतो. तिथे काम नसेल तर ते फक्त तोंडी आहे.

मेच्या सभेचा उपयोग वेगळा आहे. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा सुरुवातीच्या दोन महिन्यांत घ्यावी लागते. तिच्यासमोर मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करायची कामं, शेवटच्या लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि त्यांवरची उत्तरं ठेवायची असतात. लेखापरीक्षणाचे आक्षेप कोणी मागत नाही, आणि गावात पैसा कुठे अडकलाय हे कळतं ते त्याच कागदावरून.

कोणत्या कामाला कोणता पैसा चालतो हेही पाहून जा. 2021-22 ते 2025-26 या काळात 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. सांडपाण्याचं गटार बंधित निधीत बसतं, चौकाचं सुशोभीकरण बसत नाही. आयोग बदलला की अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या. घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मार्चअखेर या तीन आकड्यांचा हिशोब विचारला की बरीच धावपळ होते.

काम झाल्यावर तक्रार करणं

रस्ता उखडल्यावर फोटो काढून उपयोग थोडा. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रकाची नक्कल घ्या आणि टेप घेऊन काँक्रीट पडताना मोजा, कारण जाडी नंतर दिसत नाही. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्याला अंदाजपत्रकात 15 सेंटिमीटर जाडी असेल तर 45 घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी 10 सेंटिमीटर ठेवली तर 30 घनमीटरमध्ये भागतं, म्हणजे एक-तृतीयांश माल गायब आणि वरून रस्ता तसाच गुळगुळीत. तारखेसह फोटो काढा, कडेला टेप धरून काढा. मग अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागा आणि आकडे जुळवा. बिल निघण्याआधी दिलेली लेखी हरकत बिल निघाल्यानंतरच्या दहा तक्रारींपेक्षा जड असते.

चुकीच्या दारात जाणं

सातबाऱ्यावरची चूक ग्रामपंचायत दुरुस्त करत नाही, तो महसूल खात्याचा विषय. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घराच्या वादात तो फडकवून उपयोग नाही. गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. पथदिव्याचा बल्ब पंचायत बदलते, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) महावितरण.

सरपंच किंवा सदस्याविरुद्धची तक्रारही प्रकारानुसार वेगळ्या ठिकाणी जाते. कराची थकबाकी, सरकारी जागेवर अतिक्रमण अशी अपात्रतेची कारणं कलम 14 मध्ये आहेत आणि त्यावर निर्णय जिल्हाधिकारी देतात. कारभारातला गैरप्रकार असेल तर कलम 39. त्यात जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा. दोन्ही एकाच अर्जात कालवले तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

माहितीच्या अधिकारात सगळं एकदम मागणं

‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती’ असा अर्ज फेटाळला जायला सोपा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांत मागणी हवी. ‘का केलं नाही?’ असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयक आणि नमुना 5 म्हणजे रोकडवहीतलं त्या महिन्याचं पान. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. बहुतेक अर्ज मरतात ते इथे, कारण अर्जदार पुन्हा नवा अर्ज करतो आणि मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होते.

दारूबंदीच्या मतदानातला हिशोब

गावातलं परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन चालतं. सह्यांची पडताळणी यादीशी होते. माहेरचं नाव, यादीत नसलेल्या सुना, एकाच हाताने केलेल्या सह्या यांत पंधरा-वीस टक्के सहज गळतात. म्हणून 25 टक्क्यांवर थांबू नका, 35 पर्यंत जा आणि प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक लिहा.

मतदानात मात्र झालेल्या मतांचं बहुमत पुरत नाही. नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, लागतात. 800 महिला मतदार असतील आणि 450 जणींनी मतदान करून त्यातल्या 390 आडव्या बाटलीला मिळाल्या तरी दुकान चालूच राहतं, कारण हव्यात 401. घरी बसलेली बाई इथे दुकानाच्या बाजूने मोजली जाते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या गावात दिवाळीनंतर हे मतदान घेऊ नये, टोळ्या परत आल्यावरच निवेदन द्यावं.