गिरमिटानं पाडलेलं भोक

नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि छप्पर जिथं सगळ्यात उंच तिथं तीन फूट. हॅरिएट जेकब्स नावाची गुलाम केलेली बाई मालकापासून पळून, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टन गावात, आजीच्या घराला जोडलेल्या खोपटाच्या माळ्यावर, एवढ्या जागेत जवळपास सात वर्षं लपून राहिली. हे आकडे मी एम.ए.ला असताना दोन-तीनदा वाचले, वहीत उतरवले आणि पान उलटलं.

दिवाळीला गावी गेले. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, कवेलूचं. आईनं पितळेची भांडी काढायला माळ्यावर चढवलं, तिथं अचानक ते आकडे आठवले. टेप मागवून मोजलं. आमचा माळा तिच्यापेक्षा हातभर उंचच होता. मी आडवी पडले. कूस बदलायला गेले तर खांदा वाशाला लागला. जेकब्सनं नेमकं हेच लिहिलंय, की उतार इतका होता की कूस बदलली तर छप्पर लागायचं. पंधरा मिनिटांत मी खाली उतरले, घामानं ओली. विषयाची नोंदणी त्याआधी झाली होती, पण माझा अभ्यास सुरू झाला तो त्या दुपारी, असं मी मानते.

गुलामगिरीची आत्मकथनं आणि त्यांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या हा विषय प्रबंधाला किंवा पीएच.डी.ला घ्यावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेली बारा-तेरा वर्षं मी यात आहे. आधी विद्यार्थिनी म्हणून, आता शिकवणारी आणि थोडंफार भाषांतर करणारी म्हणून.

माझी पहिली चूक सांगते, कारण जवळपास प्रत्येक नवीन मूल तीच करतं. मी कादंबरीपासून सुरुवात केली. टोनी मॉरिसन यांची १९८७ची 'बिलव्हेड' वाचून मी भारावले होते. चाळीस पानं लिहून मार्गदर्शक मॅडमकडे नेली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "छान आहे गं. पण ही कादंबरी ज्यांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांचं काय वाचलंयस?" मी काहीच वाचलं नव्हतं. ती पानं मी बाजूला ठेवली आणि पुढची दोन वर्षं फक्त आत्मकथनं वाचली. तुम्हीही तेच करा. घाई वाटली तरी करा.

पहिलं पुस्तक गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं घ्या, १८४५चं. छोटं आहे, दोन संध्याकाळी पुरतात. पण डग्लसच्या पहिल्या वाक्यावर उडी मारू नका. त्याआधी विल्यम लॉईड गॅरिसन यांची प्रस्तावना आहे आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र आहे. दोघंही गुलामगिरीविरोधी चळवळीतले, आणि गोरे. काळ्या माणसानं लिहिलं ते खरं आहे, याची हमी गोऱ्या माणसानं द्यायची, तेव्हाच वाचक पान उलटणार, असा तो काळ होता. पुस्तकाच्या नावातच 'स्वतः लिहिलेलं' असं आहे, तेही त्याच संशयाला दिलेलं उत्तर. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक पुस्तकाच्या आधी एक पान राखलेलं असतं: लिहिलं कुणी, सांगून लिहवलं असेल तर लेखणी कुणाच्या हातात होती, छापलं कुणी, हमी कुणाची, आणि लिहिताना लेखक कायद्यानं मोकळा होता की पळालेला. डग्लस १८४५ साली पळालेलाच होता. मालकाचा हक्क शाबूत होता. तरी त्यानं खरी नावं छापली.

आता एकच प्रसंग घ्या आणि तो दोनदा वाचा. डग्लसला आई फारशी लाभलीच नाही. ती बारा मैलांवर दुसऱ्याच्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम संपवून रात्री चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन निजवायची आणि उजाडायच्या आत परत निघून जायची, कारण सकाळी शेतात हजर नसली तर चाबूक. असं त्याला चार-पाच वेळाच आठवतं. तो सातेक वर्षांचा असताना ती गेली. १८४५च्या पुस्तकात तो म्हणतो, की तिच्या मरणाची बातमी कळली तेव्हा परक्या कुणाच्या मरणाचं वाटावं तेवढंच मला वाटलं असेल. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं.

दहा वर्षांनी, १८५५ साली, त्यानं आयुष्य पुन्हा लिहिलं. तिथं तीच आई येते, पण एका रात्रीसह येते. स्वयंपाकघरातल्या केटी मावशीनं पोराला दिवसभर उपाशी ठेवलंय आणि अचानक आई दारात उभी राहते. ती केटीला खडसावते, लेकराला मांडीवर घेते आणि त्याला एक गोड केक देते. केकचा आकार पत्त्यातल्या बदामाचा, कडेला गडद चकचकीत वळं. दहा वर्षांत त्याला ते वळं आठवलं. त्या रात्री आपण नुसतं मूल नाही, कुणाचं तरी मूल आहोत हे कळलं, असं तो लिहितो. सकाळी जाग आली तेव्हा आई निघून गेलेली.

मग १८४५ साली केक कुठं होता? माझ्या मते पहिल्या पुस्तकाला एक काम नेमून दिलेलं होतं: ही व्यवस्था आईपासून लेकरू कसं तोडते याची साक्ष द्यायची. तिथं केक आला असता तर साक्ष मऊ पडली असती. १८५५पर्यंत डग्लसचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं गेलं होतं, आणि या वेळची प्रस्तावना जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरची होती. हमीदार बदलला आणि आई परत आली. माझा सगळा प्रबंध या एका जागेतून निघाला. तुम्हीही अशी एखादी जागा शोधा. 'गुलामगिरीचे साहित्यातील चित्रण' असला विषय घेऊन बसू नका. त्याला बूड नसतं.

डग्लस पळाला कसा, हेही पहिल्या पुस्तकात नाही. सांगितलं असतं तर मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. खलाशाचे उसने घेतलेले कागद दाखवून आपण बाल्टिमोरहून रेल्वेनं निघालो, हे त्यानं १८८१ साली सांगितलं, गुलामगिरी संपून गेल्यावर. वगळलेली गोष्ट ही विसरलेली गोष्ट नसते, हे डोक्यात पक्कं बसू द्या.

जेकब्सकडे परत येते. तिनं आपलं नाव बदललं, मालक डॉक्टर नॉरकॉम याला 'डॉक्टर फ्लिंट' केलं, आणि १८६१ साली पुस्तक आलं ते 'लिंडा ब्रेंट'च्या नावानं. मालकाची तिच्यावर पंधराव्या वर्षापासूनची नजर, त्याच्यापासून वाचायला तिनं स्वतःहून दुसऱ्या एका गोऱ्या माणसाशी जोडलेलं नातं, पदरची दोन मुलं. हे सगळं तिला त्या काळच्या सोवळ्या वाचकांपुढे मांडायचं होतं. ती कित्येकदा सांगता सांगता थांबते. पुढे शंभरावर वर्षं अभ्यासक हे पुस्तक कादंबरीच समजत राहिले. जीन फेगन येलिन या अभ्यासिकेनं पत्रं आणि कागदपत्रं जुळवून १९८०च्या दशकात सिद्ध केलं, की लेखिका जेकब्सच आणि घडलेलंही खरं.

माळ्यावर तिच्या डोक्याला काहीतरी लागतं, ते असतं मामानं चोरदरवाजा करताना तिथंच खोचून ठेवलेलं गिरमिट. आमच्या गावच्या सुताराकडे असतं तेच, फळीला भोक पाडायचं. त्या गिरमिटानं ती एकाखाली एक तीन ओळी भोकं पाडते, मग मधलं लाकूड उकरून इंचभर जागा मोकळी करते. तिथं डोळा लावते. वाटतं, आता मुलं दिसतील. पहिला दिसतो तो डॉक्टर फ्लिंट. मुलं नंतर दिसतात, खाली खेळताना, आणि तिला हाक मारता येत नाही.

याच्या शेजारी ठेवून वाचायचा आणखी एक कागद आहे: नॉरकॉमनं १८३५ साली छापलेली जाहिरात. शंभर डॉलर बक्षीस. वय २१, उंची पाच फूट चार इंच, केस कसे, बोलणं सफाईदार, शिवणकाम उत्तम. मालकाला तिचं सगळं मोजून माहीत आहे, फक्त ती हाकेच्या अंतरावर आहे एवढं माहीत नाही. पळालेल्यांच्या अशा जाहिराती आज इंटरनेटवर फुकट मिळतात. आत्मकथन वाचताना त्या जवळ ठेवा.

सांगून लिहवलेल्या पुस्तकांचा प्रकार वेगळा. बर्म्युडात जन्मलेल्या मेरी प्रिन्सची कहाणी १८३१ साली लंडनमध्ये छापली गेली, लिहून घेणारी बाई गोरी, संपादक गोरा. मोकळा असताना पळवून नेऊन गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थपचं १८५३चं पुस्तक डेव्हिड विल्सन या वकिलानं शब्दांत बसवलं. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या सिनेमामुळे हे नाव मुलांना ठाऊक असतं. भाषा विल्सनची असेल, पण कामाचा तपशील नॉर्थपचाच, कारण तो हाताला लागल्याशिवाय येत नाही. लुइझियानात कापूस वेचणीला दिवसाला २०० पौंड धरलेले, म्हणजे नव्वद किलो. संध्याकाळी जिनघरात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जागी, वजन. नॉर्थपचा पहिल्या दिवशी ९५ पौंड भरला.

हे मी आईला वाचून दाखवलं. तिनं जन्मभर कापूस वेचलाय. ती म्हणाली, "नव्वद किलो? येका दिसात? अन् कमी भरला तं?" म्हटलं, चाबूक. "अन् जास्त भरला तं?" मी पुढचं वाचलं: जास्त भरला तर मालक दुसऱ्या दिवशी तेवढाच मागणार. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तराजूकडे जातानाच भेव." नॉर्थपनंही अगदी हेच लिहिलंय, की कितीही थकलेला असो, माणूस जिनघराकडे भीत भीतच जातो. एकाही समीक्षेत मला हा प्रश्न इतक्या लवकर भेटला नव्हता. पुढे १८६१ ते ६५च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, हे आईला त्याच दिवशी सांगितलं.

एवढं झाल्यावर कादंबऱ्यांकडे या. मार्गारेट गार्नर १८५६च्या जानेवारीत गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून पळाली. पकडायला आले तेव्हा लेक परत त्यांच्या हाती लागू नये म्हणून तिनं तिचा गळा चिरला. मॉरिसनना याचं जुनं कात्रण एका संकलनाचं काम करताना सापडलं, त्यातून 'बिलव्हेड' आली. जुने निवेदक जिथं 'यावर पडदा टाकू या' म्हणून थांबले, तो पडदा फाडणं हे आपलं काम आहे, असं मॉरिसन यांनी एका निबंधात म्हटलंय. आत्मकथनं आधी वाचलेली असली की कुठला पडदा, कुठं टाकलेला, हे तुम्हाला दिसतं. माझ्या त्या पहिल्या चाळीस पानांत तो मला दिसलाच नव्हता. उलटं उदाहरण हवं असेल तर विल्यम स्टायरन या गोऱ्या लेखकाची, १८३१च्या गुलामांच्या बंडाचा म्होरक्या नॅट टर्नर याच्यावरची १९६७ची कादंबरी घ्या आणि दहा काळ्या लेखकांनी पुढच्याच वर्षी दिलेलं पुस्तकभर उत्तर घ्या. एक महिना तेवढंच वाचा.

भाषांतराचा मोह सगळ्यांनाच होतो. 'ओव्हरसीअर'ला मी आधी 'मुकादम' केलं होतं. मग लक्षात आलं, आपल्याकडे मुकादम म्हटला की उचल येते, ऊसतोड येते, सगळं वेगळंच चित्र उभं राहतं. शब्द तसाच ठेवला. १९३६ ते ३८ या काळात अमेरिकी सरकारनं गुलामगिरीतून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २,३००हून जास्त मुलाखती नोंदवल्या. त्यातलं बोलणं मी वऱ्हाडीत आणून पाहिलं आणि सोडून दिलं. मराठी वाचकाला वऱ्हाडी ऐकून हसायची सवय लावलेली आहे; त्या आजी-आजोबांवर मला कुणी हसायला नको होतं. शिवाय तिथले बहुतेक प्रश्न विचारणारे गोरे होते, बोलीचं स्पेलिंगही त्यांनीच ठरवलेलं. 'गुलाम' हा शब्द मी आता जपून वापरते. माणूस पानावर बोलत असेल तर 'गुलाम केलेला' असं लिहिते. वाक्य लांबतं, लांबू दे.

मराठी माणसाला या विषयात परकं वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण करून. 'बलुतं', 'आयदान' वाचून मोठ्या झालेल्या मुलांचे कान साक्ष ऐकायला तयार असतात, हे मी वर्गात दरवर्षी बघते. मात्र जात आणि अमेरिकी गुलामगिरी एकच, असं पहिल्या पानावर लिहून मोकळे होऊ नका. फुल्यांनी शेजारी ठेवून पाहिलं, तसं शेजारी ठेवा.

माझ्या एका मुलाखतीत मला एकांनी विचारलं होतं, आपलं सोडून तिकडचं कशाला? तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर पेशवाईतल्या कुणबिणींबद्दल वाचलं. विकत घेतलेल्या, विकलेल्या, वाड्यांत आणि कोठ्यांत राबवलेल्या बाया. कागदांत त्या येतात किमतीसकट. त्यांच्यातल्या एकीनंही स्वतः सांगितलेली कहाणी माझ्या हाती आलेली नाही. मी वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत त्या पाण्याचा तांब्या ठेवतात, बाईसाहेबांचे केस विंचरतात आणि पडद्याआड जातात. 'बटीक' हा शब्द तेवढा उरला, तोही शिवी म्हणून. जेकब्स वाचली नसती तर तो तांब्या ठेवणारा हात मला दिसलाच नसता.

कामाच्या दोन गोष्टी. पैशांवाचून अडत नाही: नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं ही जुनी आत्मकथनं जवळपास सगळी इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, त्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. आणि चाबकाची पानं रात्री वाचू नका. मी वाचायचे, झोप उडायची, दुसऱ्या दिवशी नोंदी कोरड्या व्हायच्या. सकाळी वाचा, वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोला. माझ्यासाठी ती आई होती. अजूनही फोनवर ती मधूनच विचारते, "त्या माळ्यावरच्या बाईची लेकरं मंग भेटली का तिले?" भेटली, म्हणते मी. उत्तरेत गेल्यावर भेटली.