जहाज आखण्याआधी इंधनाचं सूत्र ठरवा
'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या रोलप्लेइंग खेळाच्या जुन्या (क्लासिक) आवृत्तीत जहाजाच्या पॉवर प्लांटच्या (ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्राच्या) इंधनाची दोन सूत्रं आहेत. 'बुक २' या नियमपुस्तकात प्लांट क्रमांक (प्लांटची ताकद) गुणिले 10 टन, जहाज केवढंही असो. 'हाय गार्ड' या दुसऱ्या पुस्तकात प्रत्येक क्रमांकामागे जहाजाच्या टनांच्या 1 टक्का. दोन्ही चार आठवड्यांसाठी. 100 टनी स्काउट जहाज, प्लांट 2: पहिल्यात 20 टन, दुसऱ्यात फक्त 2! जम्प-2 चे (ताऱ्यांमधल्या उडीचे) 20 टन वेगळेच. 1000 टनांवर दोन्ही सूत्रं जुळतात, त्यापुढे पारडं फिरतं.

म्हणून पूर्ण मोहिमेला एकच सूत्र लावा. खेळाडू इंजिनं एका पुस्तकातली आणि इंधन दुसऱ्यातलं उचलतात (उचलणारच!), तिथे ठाम नाही म्हणा. छोट्या जहाजांच्या मोहिमेला मला टक्क्याचं सूत्र बरं वाटतं. फक्त किमान 5 टनांची घरची (आपल्या गटापुरती) अट घाला.