वांशिक तणावाच्या भागात विकासनिधी: वाटण्याआधी काय ठरवायचं

रस्ते, शाळा, रोजगार आले की तंटे आपोआप थंडावतील असं गृहीत धरून काम सुरू करू नका. दुफळी पडलेल्या भागात नवा पैसा आला की तो कुणाला मिळाला यावरूनच पुढचं भांडण पेटतं. म्हणून वाटपाचे नियम आधी ठरवा, कुदळ नंतर मारा.

सुरुवात गटवार तक्त्याने करा. जिल्ह्याच्या सरासरी उत्पन्नावरून इथे काहीच कळत नाही. रकाने असे हवेत: सरकारी नोकऱ्या, पोलीस, शिक्षक, जमिनीचे हक्क, मोठी कंत्राटं, पाण्याचं आणि दवाखान्याचं अंतर. प्रत्येक आकड्याशेजारी दहा वर्षांपूर्वीचा आकडा लिहा. आधीपासून नसलेल्या गोष्टीपेक्षा हातातून निसटत चाललेली गोष्ट माणसाला जास्त चिडवते. श्रीलंकेत १९५६ चा सिंहली राजभाषेचा कायदा आला आणि १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे निकष बदलले. तमिळ तरुणांच्या नोकरीच्या आणि पदवीच्या वाटा एकामागोमाग अरुंद झाल्या. पुढच्या युद्धाची कारणं शोधताना या दोन निर्णयांपाशी यावंच लागतं.

मात्र हा तक्ता नावनिशीवार करू नका. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर वंशाची नोंद सुरू केली आणि १९९४ च्या वंशसंहारात नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासून तुत्सी वंशाच्या लोकांना मारलं गेलं. आकडे वस्तीच्या पातळीवर एकत्र करा, बेरीज झाली की मूळ फॉर्म नष्ट करा. वस्ती इतकी लहान असेल की आकड्यावरून घर ओळखता येईल, तर शेजारच्या वस्तीत मिळवून टाका.

यानंतर स्वतःचा खर्च तपासा. बहुतेक कार्यक्रम इथेच घसरतात, कारण सगळ्यांचं लक्ष लाभार्थ्यांच्या यादीवर असतं. ऑफिसची जागा कुणाची, गाड्या कुणाच्या, चौकीदार आणि दुभाषे कुठल्या गटातले, गोदाम कुणाच्या वस्तीत? इंग्रजी येणारे उमेदवार एकाच गटात जास्त असतील, तर निवड कितीही गुणवत्तेवर झाली तरी समोरच्याला संस्था त्याच गटाची वाटणार. इंग्रजीची अट खरंच लागते तिथेच ठेवा.

निधी वाटणाऱ्या समितीचे तीन नियम पहिल्याच बैठकीत लेखी करून घ्या:
- प्रत्येक गटाचे सदस्य हजर असल्याशिवाय गणपूर्ती धरायची नाही. पण एखाद्या गटाने सलग दोनदा बहिष्कार टाकला तर तिसरी बैठक वैध.
- बँकेच्या खात्यावर दोन वेगवेगळ्या गटांतल्या व्यक्तींच्या सह्या.
- मंजूर कामं, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव सगळ्या स्थानिक भाषांत चौकात लावायचं.

पहिल्या नियमाचा उत्तरार्ध विसरू नका. तो नसेल तर बहिष्कार हाच नकाराधिकार होतो. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या कराराने ब्रिटनसोबत राहू पाहणारे (बहुतेक प्रोटेस्टंट) आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे (बहुतेक कॅथलिक) अशा दोन्ही बाजूंना सत्तेत बसवलं आणि हिंसा खूप कमी झाली, पण एका मोठ्या पक्षाने अंग काढून घेतलं की सरकार कोसळतं. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ तिथला कारभार असाच अडला. नकाराधिकार द्यायचाच असेल तर भाषा, धर्म, शिक्षण अशा मोजक्या विषयांपुरता द्या आणि अडलेला विषय ठरलेल्या मुदतीनंतर तटस्थ लवादाकडे जाईल असं लिहून ठेवा.

पोलीस दलाचं काम विकासाच्या यादीत नसतं, तरी ते मागे ठेवता येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये २००१ पासून दहा वर्षं नव्या भरतीत निम्मे कॅथलिक घेतले गेले. दलातलं त्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून ३० च्या आसपास पोचलं. सोबत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल होता. नुसत्या भरतीने काम भागत नाही, कारण वरिष्ठ तेच राहिले तर नवा शिपाई दोन्हीकडून परका ठरतो.

विस्थापितांची घरं परत करताना अर्जाच्या तारखेचा क्रम पाळा, ओळखीचा नाही. बोस्नियात १९९२ ते १९९५ च्या वांशिक युद्धानंतर दोन लाखांहून जास्त दावे आले. स्थानिक अधिकारी टाळाटाळ करत होते. कायदा कडक झाला, अडवणाऱ्यांना पदावरून हटवलं गेलं, तेव्हा बहुसंख्य दावे निकाली निघाले. तरी अनेकांनी ताबा मिळताच घर विकलं. शाळा, रोजगार आणि सुरक्षितता नसलेल्या गावात चावी घेऊन कोण राहणार? ताबा दिलेली घरं आणि प्रत्यक्ष राहती घरं हे आकडे वेगवेगळे मोजा.

अफवा आणि छोटे तंटे वेळीच थांबवायला मोठी यंत्रणा लागत नाही. केनियातल्या वाजिरमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुळांमध्ये रक्तपात चालू असताना बायकांनी आधी बाजार सगळ्यांसाठी सुरक्षित केला, मग वडीलधारे, तरुण आणि प्रशासन यांना जोडून घेतलं. त्यातून उभी राहिलेली शांतता समितीची पद्धत पुढे देशाच्या इतर भागांत गेली. जनावरं चोरली गेली, कुणाला मारहाण झाली, की कुणी कुणाला फोन करायचा आणि त्याच दिवशी तिथे कोण जाणार, हे आधीच ठरलेलं हवं. गाडीच्या इंधनाचे पैसे वेगळे काढून ठेवा. समित्या बऱ्याचदा तेवढ्यासाठी जागच्या हलत नाहीत.

राखीव जागांना फेरविचाराची तारीख सुरुवातीलाच घाला. बोस्नियाच्या १९९५ च्या घटनेत तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळातली पदं बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लीम), क्रोएट आणि सर्ब यांनाच आहेत. रोमा आणि ज्यू नागरिकांना उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये हा भेदभाव ठरवला, तरी पुढे कित्येक वर्षं ती अट तशीच राहिली, कारण ती बदलण्यासाठी ज्यांची मतं लागतात, तेच तिच्या जोरावर निवडून येतात.