गावाचं पाण्याचं बजेट कसं काढायचं (रब्बीच्या पेरणीआधी!)

पाऊस आता पूर्वीसारखा रिमझिम पडत नाही, महिनाभर दडी मारतो आणि मग दोन दिवसात सगळा कोसळून वाहून जातो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, किती दिवसांत पडला तेही लिहून ठेवा.

हिशोब सोपाय. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. शिवार 1000 हेक्टर आणि पाऊस 400 मिमी असेल तर 400 कोटी लिटर. ऐकायला लय वाटतं, पण यातलं बरंचसं उन्हाने उडतं, काही खरिपाची पिकं पितात, काही ओढ्याने खाली जातं. हातात काय उरलं ते विहिरीच सांगतात. ऑक्टोबरमध्ये गावातल्या 10-15 विहिरी निवडा, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे मोजा, दरवर्षी त्याच विहिरी बरं का, नाहीतर तुलना कशाची करणार?

मग आधी पिण्याचं बाजूला काढा. माणशी रोज 55 लिटर धरलं तर 2000 वस्तीला वर्षाला साधारण 4 कोटी लिटर, जनावरांचं वेगळं. उरलं त्यातून ज्वारी-हरभरा किती, कांदा किती हे ग्रामसभेत ठरवा. इथंच भांडणं होतात, ऊसवाला कधीच ऐकत नाही 😅 हिवरे बाजारने (अहिल्यानगर जिल्हा) ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर बंदच ठेवलं, तिथं हा ताळेबंद दरवर्षी मांडतात.

ठरलेलं फळ्यावर लिहा, चावडीवर, सगळ्यांना दिसेल असं.