मंचावरची एलईडी रोषणाई: वायरिंग करताना या चुका टाळा

“बारा व्होल्टची पट्टी आहे, काय होतंय!” हे वाक्य पुण्यात गणपतीच्या मांडवापासून सोसायटीच्या स्टेजपर्यंत सर्रास ऐकू येतं. पट्टीला हात लावून शॉक बसत नाही, हे खरं. पण तिला वीज देणारा एसएमपीएस, म्हणजे मेनच्या विजेपासून बारा व्होल्ट बनवणारा पॉवर सप्लाय, २३० व्होल्टवर चालतो आणि त्याच्यापासून दोन हातांवर गायिका धातूच्या जाळीचा माइक ओठांशी धरून उभी असते.

घरघर घालवायला अर्थिंग तोडणं

सगळ्यात घातक चूक हीच. लाइट लावले की स्पीकरमध्ये घरघर येते, मग कुणीतरी प्लगची अर्थ पिन काढतो. घरघर थांबते आणि सगळे खूश होतात. पण एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. हा करंट अगदी थोडा असतो, पण आत फेज बॉडीला टेकली तर एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणार नाही, कारण करंटला जायला वाटच उरलेली नाही. पट्टीचं अॅल्युमिनियम चॅनल, लाइट टांगायचा धातूचा सांगाडा (ट्रस), सगळ्यात वीज उतरते. गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. बोटं तारांवर आणि ओठ माइकवर असताना त्या दोहोंतल्या व्होल्टेजचा फरक वादकाच्या शरीरातून वाहतो. इथे तडजोड मला अजिबात मान्य नाही, कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल.

घरघरीवर खरे उपाय वेगळे आहेत. साउंड आणि लाइट एकाच डीबीवरून (वीज वाटणाऱ्या स्विचच्या पेटीवरून), एकाच अर्थवर घ्या, एमसीबी मात्र वेगवेगळे ठेवा. माइकच्या केबली डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. एवढ्यानेही भागलं नाही तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट बटण वापरा. ते फक्त सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची वाट तोडतं, विजेची अर्थ शाबूत राहते.

डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच. प्रत्येक एसएमपीएस अर्थमधून थोडा करंट सोडतो. एकाच आरसीसीबीवर वीस-पंचवीस एसएमपीएस टाकले तर तो उगाच ट्रिप होऊ शकतो. अशा वेळी तो बायपास न करता लोड दोन आरसीसीबींवर वाटा.

जनरेटरचा न्यूट्रल

थ्री-फेज जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ४०० कडे चढू शकतं. काही लाइट एकदम प्रखर, काही मंद, हीच त्याची खूण. लगेच मेन बंद करा, दिवे बदलत बसू नका. साउंड चेकच्या आधी तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजून घ्या. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या अर्थला जोडलाय का, हेही वायरमनकडून तपासून घ्या. जोडलेला नसेल तर फेज बॉडीला टेकली तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो, पण त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

पट्टीचं शेवटचं टोक पिवळट दिसतंय?

मीटरला १४.४ वॉटची पाच मीटर पट्टी ७२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेते. एसएमपीएस विंगेत आणि पट्टी त्याच्यापासून १० मीटर दूर असेल, तर ०.७५ चौ.मिमी. वायरीतच अडीच-तीन व्होल्ट पडतात. आरजीबी पट्टीत निळा आणि हिरवा आधी मंदावतो, म्हणून पांढरा तांबूस दिसू लागतो. एसएमपीएस जवळ आणा, २.५ चौ.मिमी. वायर घ्या, पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या. त्याहून चांगलं म्हणजे २४ व्होल्टची पट्टी. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो. एसएमपीएसवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त लोड टाकू नका आणि डीसी बाजूला फ्यूज घाला. बारा व्होल्टच्या शॉर्टनेही वायर तापून मांडवाचं कापड पेटू शकतं.

जोडासाठी वायर पिळून चिकटटेप गुंडाळणं सोडा. पुण्याच्या तापकीर गल्लीत लग आणि फेरूल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) सहज मिळतात. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर करू नका, ते दबत जातं आणि जोड सैल पडतो.

भाद्रपदातला पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. आयपी ६५ (धूळ आणि पाण्यापासून झाकलेली) पट्टीसुद्धा कापलेल्या टोकाशी उघडीच असते, तिथे सिलिकॉन आणि एंड कॅप लावा. एसएमपीएस जमिनीवर नको, पण बंद डब्यात कोंडूही नका. वर छप्पर आणि खाली हवा खेळती हवी.

पार लाइट (मंचावरचे डबीसारखे फोकस) मधूनच लुकलुकत असतील तर आधी डीएमएक्सची, म्हणजे लाइटना कंट्रोलरचा सिग्नल नेणारी केबल बघा. माइकची केबल इथे चालवू नका, लाइन दोन फाट्यांत विभागू नका, एका लाइटमधून पुढच्यात अशीच न्या. शेवटच्या लाइटवर पिन २ आणि ३ मध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) लावा.