कोकणात समुद्राजवळ प्लॉट घेताय? या चुका टाळा

पुण्यातली माणसं ताम्हिणी उतरतात, दोन दिवस मासे खातात आणि तिसऱ्या दिवशी मला सातबारा व्हॉट्सॲप करतात, "जरा बघून सांगा ना". टोकन आधीच देऊन झालेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंतर पाण्यापासून मोजणं. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या सरकारी नियमांत, मोजायचं ते भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाला पाणी जमिनीवर जिथवर चढतं तिथून. माझ्या मावसभावाने श्रीवर्धनच्या बाजूला ५ गुंठे घेतले, एजंटने भर ओहोटीला पाण्यापासून पावलं टाकत २२० मीटर मोजून दाखवले, हा खूश, कोथरूडला येऊन पेढे वाटले. मी त्याला मुद्दाम अमावस्येला परत नेला. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांशी काटक्या आणि थर्माकोलचे तुकडे टाकून गेलेलं, तिथून टेप धरला तर प्लॉटची हद्द ११० मीटरवर! आणि हा टेपही फक्त आपल्या समाधानासाठी, सरकार मानतं ती मंजूर नकाशावरची रेषा. २०१९ च्या अधिसूचनेत गावांसाठी ना-विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) २०० मीटर आहे, ५० मीटर फक्त दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या. एजंटच्या तोंडी मात्र सगळीकडे ५०च.

म्हणून मी आधी उधाणाला जाऊन येतो, मग अधिकृत संस्थेकडून सर्व्हे नंबर सीआरझेडच्या नकाशावर चढवून घेतो, आणि तोवर टोकनसुद्धा देऊ देत नाही. पैसे जातात, वेळ जातो, ज्याला घाई आहे त्याने मुळशीत घ्यावा की प्लॉट.

दुसरं, "ग्रामपंचायतीचा दाखला आहे, एनए (बिगरशेती) पण झालंय". अहो, त्याने सीआरझेड सुटत नाही. केरळात मरडूच्या फ्लॅटवाल्यांकडेही पंचायतीची परवानगी होती, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये चार कॉम्प्लेक्स स्फोटकं लावून पाडली.

खाडी विसरू नका, समुद्र लांब असला तरी भरतीचं पाणी आत येतं तिथे काठालाही नियम लागतो.

लाकडी कॉटेज "टेम्पररी" म्हणून चालत नाही, त्यालाही परवानगी लागते.

आणि बोअरवेल. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायचं ते स्थानिकांच्या गरजेपुरतंच, तुमच्या स्विमिंग पूलसाठी नाही.